एका जागी अडतीस वर्षे : प्रस्तावना

भात झोडून झाले, पेंढ्याची गंज रचून झाली आणि खळे मोकळे झाले, म्हणजे त्या सारवलेल्या जागेचे पुढे काय करावयाचे हा प्रश्न आमच्या उत्रोलीत घरोघर निरनिराळ्या रीतीने सुटतो. कोणी तेथे सरपण रचून ठेवतो, कोणी शेणी वाळत घालतो, आणि आमच्या घरी, काही वर्षांपूर्वी, माझ्या थोरल्या बंधूंनी खळ्याच्या कडेला एक लोखंडी खांब पुरून त्याच्या माथ्यावर जुन्या दाराची फळी ठोकली व भोरच्या लोहाराकडून सळई वाकवून आणलेले कडे त्या फळीवर बसविले. कडे जमिनीपासून बरोबर दहा फूट उंच असले पाहिजे, असे माझी पुतणी शाळेतून ऐकून आली होती. टेप लावून पाहिला तेव्हा, खळ्याला उतार असल्यामुळे, एका अंगाने माप दहा फूट भरे आणि दुसऱ्या अंगाने चार बोटे जास्त. बंधूंनी खांबाला हात लावला नाही. कुदळ घेऊन दोन दिवसांत खळेच सपाट केले. शेणाने सारवलेल्या जमिनीवर चेंडू डांबरी पटांगणावरच्यासारखा उसळत नाही, तो मंदावून खालीच राहतो, आणि त्याला वर आणण्यासाठी मनगटाला दुप्पट जोर लावावा लागतो. या एका कारणाने त्या मुलीचे मनगट असे तयार झाले, की पुढे शाळेच्या सामन्यांत तिच्या हाताखालचा चेंडू काढून घेणे भल्याभल्यांना जमले नाही.

बारावीनंतर ती पुण्यास गेली. ज्या महाविद्यालयात तिला प्रवेश मिळाला त्याचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही. पहिल्या वर्षी तेथे जे प्रशिक्षक होते त्यांनी तिचा हात ओळखून चेंडू पुढे नेण्याचे काम तिच्याकडे सोपविले. दुसऱ्या वर्षी त्यांची अकरा महिन्यांची मुदत संपली आणि त्यांच्या जागी आलेल्या गृहस्थांनी, तिची उंची लक्षात घेऊन, तिला रिंगखाली उभे केले. तिसऱ्या वर्षी तासिका तत्त्वावर एक बाई नेमल्या गेल्या, त्या मनाने फार चांगल्या, परंतु दोन महाविद्यालयांचे तास धरल्यावाचून त्यांचा महिना भागत नसे, आणि त्या मैदानावर पोचेपर्यंत दिवेलागण होऊन जाई. तिघांपैकी एकालाही मी दोष देत नाही. त्यांच्यापैकी कोणालाच ती मुलगी सलग दोन हंगाम पाहावयास मिळाली नाही, हीच काय ती अडचण होती. तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीत ती घरी आली तेव्हा तिने खेळाचे बूट पिशवीतून काढले, कापडात गुंडाळले आणि माळ्यावर ठेवून दिले.

ते बूट माळ्यावर गेल्यापासून एक प्रश्न माझ्या मनातून जाईना, आणि प्रस्तुत पुस्तक त्या प्रश्नाच्या पाठलागातून निर्माण झाले आहे. मुलींच्या महाविद्यालयीन संघाला एकच मुख्य प्रशिक्षिका वर्षानुवर्षे लाभली, तिची नेमणूक कायम राहिली, तिच्या हाताखाली मुलींच्या पिढ्यांमागून पिढ्या येऊन गेल्या, तर त्यातून काय निष्पन्न होते? या प्रश्नाचे सर्वांत पूर्ण असे उत्तर मला आपल्या देशात सापडले नाही. ते अमेरिकेतील टेनेसी विद्यापीठाच्या दप्तरात सापडले. तेथे पॅट समिट या बाई १९७४ पासून २०१२ पर्यंत, म्हणजे ३८ हंगाम, महिला बास्केटबॉल संघाच्या मुख्य प्रशिक्षिका होत्या. त्यांच्या नावावर १०९८ विजय आणि २०८ पराभव नोंदलेले आहेत, राष्ट्रीय अजिंक्यपदे ८ आहेत, आणि या ३८ हंगामांत एकही हंगाम असा गेला नाही की ज्यात विजयांपेक्षा पराभवांची संख्या अधिक भरली.

१४ जून १९५२ रोजी टेनेसीतील क्लार्क्सव्हिल येथे एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. माहेरचे आडनाव हेड. घरी दुभती जनावरे होती, तंबाखूचे पीक होते, आणि तीन थोरले भाऊ होते. जनावरांच्या वैरणीसाठी वाळलेले गवत साठविण्याचा जो मोठा माळा असे, त्या माळ्यावर ही भावंडे रात्री बास्केटबॉल खेळत. हा तपशील मी प्रथम वाचला तेव्हा, खरे सांगतो, पुस्तक मिटून मी काही वेळ आमच्या खळ्याकडे पाहत बसलो. मुलगी शाळेत वरच्या वर्गात गेली तेव्हा क्लार्क्सव्हिलच्या शाळेत मुलींचा संघच नव्हता. म्हणून वडिलांनी सबंध बिऱ्हाड शेजारच्या परगण्यातील हेन्रिएटा या गावी हलविले. मुलांच्या शिक्षणासाठी गाव सोडणारे बाप आपण पाहिले आहेत. मुलीच्या खेळासाठी गाव सोडणारा बाप त्या काळी तेथेही विरळाच असला पाहिजे. पुढे भावांना खेळाच्या जोरावर शिष्यवृत्त्या मिळाल्या. बहिणीसाठी तशी शिष्यवृत्ती अस्तित्वातच नव्हती. तिच्या महाविद्यालयाचा खर्च आईबापांनी पदरमोड करून केला.

येथे या खेळाची थोडी पूर्वपीठिका सांगितल्याखेरीज पुढील प्रकरणे नीट कळणार नाहीत. डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने, हिवाळ्यात बंदिस्त जागेत खेळता यावे या हेतूने, पीच या फळाच्या दोन टोपल्या दोन टोकांना दहा फुटांवर टांगून हा खेळ सुरू केला. ती दहा फुटांची उंची आजतागायत बदललेली नाही, आणि उत्रोलीच्या खळ्यावर आमच्या बंधूंनी जी कुदळ चालविली ती याच मापासाठी. पुढच्याच वर्षी, जवळच्या नॉर्थॅम्प्टन गावी, मुलींच्या स्मिथ महाविद्यालयात सेंडा बेरेन्सन या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिकेने तो खेळ मुलींना शिकविण्यास प्रारंभ केला. २२ मार्च १८९३ रोजी तेथे मुलींचा जो सामना झाला त्यास पुरुषांना प्रवेश नव्हता. बेरेन्सनबाईंनी मुलींसाठी नियमांत फेरफार केले: मैदानाचे तीन भाग पाडले, आपापला भाग सोडून कोणी जावयाचे नाही असे ठरविले, चेंडू हिसकावून घेण्यास बंदी केली. त्या काळी मुलींनी अंग मोडून खेळावे ही कल्पनाच समाजाला मानवत नव्हती. या नियमांच्या आडोशाने खेळ टिकला, हे बेरेन्सनबाईंचे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण आडोशासाठी उभारलेली भिंत गरज सरल्यावरही उभी राहते. मैदान विभागण्याची ही पद्धत रूपांतरे घेत घेत कित्येक दशके चालली. टेनेसीतील शाळांमध्ये तर १९७० नंतरच्या दशकातही मुलींचे संघ सहा-सहा जणींचे असत, तीन मुली फक्त चढाई करीत, तीन फक्त बचाव करीत, आणि मधली रेषा ओलांडण्याची कोणालाही मुभा नसे. अर्धे मैदान आयुष्यात कधीच न पाहिलेली मुलगी महाविद्यालयात येई. समिटबाईंनी या पद्धतीविरुद्ध आपले वजन खर्च केले आणि त्या दशकाच्या अखेरीस ती रद्द झाली. त्यांच्या कारकिर्दीतील अनेक चषकांपेक्षा मला ही पुसलेली रेषा अधिक मोलाची वाटते.

आता नेमणुकीची हकीकत. १९७४ साली पॅट हेड या बावीस वर्षांच्या पदवीधर मुलीने टेनेसी विद्यापीठात पुढील शिक्षणासाठी आणि साहाय्यक म्हणून यावे असे ठरले होते; तोच आधीच्या प्रशिक्षिकेने काम सोडले आणि मुख्य प्रशिक्षिकेची जबाबदारी अचानक तिच्यावर येऊन पडली. दरमहा तनखा २५० डॉलर. संघातील काही मुली तिच्याहून जेमतेम एका वर्षाने लहान. खेळाडूंचे गणवेश आदल्या वर्षी गोड वडे विकून जमविलेल्या पैशांतून घेतलेले होते, आणि ते धुण्याचे काम प्रशिक्षिकेकडेच होते. परगावच्या सामन्यांना जाताना गाडीही तीच हाकीत असे. स्वतःचा दुखावलेला गुडघा बरा करणे, पदव्युत्तर अभ्यास करणे, वर्ग घेणे आणि ऑलिंपिकसाठी खेळाडू म्हणून सराव करणे, ही सर्व कामे याच दिवसांतली. ७ डिसेंबर १९७४ चा पहिला सामना तिचा संघ ८४ विरुद्ध ८३ असा एका गुणाने हरला, आणि तो पाहावयास पन्नासच्या आसपास माणसे हजर होती. त्या हंगामाचा एकंदर हिशेब १६ विजय व ८ पराभव असा जमला.

दोन वर्षांनी, १९७६ साली, मॉन्ट्रियल येथे महिला बास्केटबॉलला प्रथमच ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले, आणि पॅट हेड यांनी अमेरिकेच्या संघातून खेळून रौप्यपदक मिळविले. १९८४ साली लॉस एंजेलिस येथे त्याच देशाच्या संघाला त्यांनी प्रशिक्षिका या नात्याने सुवर्णपदक मिळवून दिले. टेनेसीची अजिंक्यपदे १९८७, १९८९, १९९१, सलग तीन वेळा १९९६ ते १९९८, आणि पुन्हा २००७ व २००८ या सालांची आहेत. १९९७-९८ च्या हंगामात त्यांचा संघ ३९ सामने खेळला आणि ३९ जिंकला. या विजयांची वर्णने पुस्तकात यथास्थळ आली आहेत, म्हणून येथे ती वाढवीत नाही.

मला येथे अधिक बोलावयाचे आहे ते दैनंदिन कामाविषयी. आम्ही ज्या मुलखात राहतो तो भोर संस्थानचा मुलूख. १९४८ साली विलीनीकरण होईपर्यंत येथे पंतसचिवांचा अंमल होता, आणि सचिव म्हणजे मूळचा सुरनीस, ज्याने राजपत्रांतील मजकूर शुद्ध आहे की नाही हे पाहावयाचे आणि महालांचे हिशेब तपासावयाचे. गड जिंकणाऱ्याचे नाव पोवाड्यात येते. गडावरच्या धान्याचा, दारूगोळ्याचा आणि शिबंदीच्या पगाराचा जमाखर्च ज्याने राखला त्याचे नाव फक्त दप्तरात राहते. आमच्या रोहिडा किल्ल्याच्या छायेत वाढलेल्या माणसाला प्रशिक्षकाचे काम समजावून सांगावयाचे तर मी सुरनीसाचाच दाखला देईन. समिटबाईंच्या खेळाडू वर्गात पहिल्या तीन रांगांतच बसत, कारण तसा नियम होता; विनापरवानगी तास बुडविणे हा संघाविरुद्धचा अपराध गणला जाई; कोणती मुलगी कोणत्या विषयात मागे आहे याची नोंद प्रशिक्षिकेपाशी असे. आणि या नोंदींची फलश्रुती अशी, की ज्या मुलींनी टेनेसीच्या संघात आपली सर्व वर्षे पूर्ण केली, त्या साऱ्या जणी पदवी घेऊनच बाहेर पडल्या. १०९८ हा आकडा पुढे इतरांनी ओलांडला. स्टॅनफर्डच्या टारा व्हॅनडरव्हीर यांनी २०२० च्या डिसेंबरातच तो मागे टाकला. पदवीचा हा हिशेब मात्र कोणाला मागे टाकता येण्यासारखा नाही, कारण शंभरापैकी शंभर याच्या पुढे आकडाच नाही.

त्यांच्या कठोरपणाविषयी मी मौन पाळले तर ते वाचकांशी अप्रामाणिकपणाचे होईल. समिटबाईंची रोखलेली नजर प्रसिद्ध होती. तिच्या आठवणी त्यांच्या खेळाडू प्रौढपणीही सांगत. परंतु प्रारंभीच्या वर्षांतील एक हकीकत नजरेपलीकडची आहे: मुलींनी रात्री नियम मोडून मौजमजा केल्याचे कळताच त्यांनी मैदानाच्या कोपऱ्यांत कचऱ्याचे डबे ठेवविले आणि मुलींना ओकारी येईपर्यंत पळविले. कित्येक चरित्रकार अशा प्रसंगांचे कौतुकाने वर्णन करतात. मला ते कौतुक करता येत नाही, आणि आमच्याकडील कोणा तरुण शिक्षिकेने या पुस्तकातून एवढाच भाग उचलला तर मला त्याचे दुःख होईल. तथापि हेही नोंदले पाहिजे, की एका जागी दीर्घकाळ राहिलेल्या माणसाला आपल्या चुका दुरुस्त करण्यास अवसर मिळतो. बाविसाव्या वर्षीची ती प्रशिक्षिका आणि पन्नाशीतील समिटबाई या दोन निराळ्या व्यक्ती आहेत, आणि हा पालट पुस्तकाच्या उत्तरार्धात वाचकांना स्वतःच दिसून येईल. खेळाडू त्यांना प्रथमपासून नुसत्या नावाने, पॅट म्हणून, हाक मारीत. ज्या बाईंच्या एका दृष्टिक्षेपाने पाय लटपटत त्यांनाच नावाने हाक मारण्याची मोकळीक असावी, हे आपल्याकडील मॅडम आणि सर यांच्या जगात वाढलेल्या वाचकांना विलक्षण वाटेल. पण धाक आणि सलगी यांचा असा संसार आपल्या आजीच्या घरात आपण पाहिलेला असतोच.

समिटबाईंसारखे काही आपल्याकडे का घडत नाही? मुली नाहीत असे म्हणावे तर तसे नाही. पुण्याच्या शिरीन लिमये यांनी भारतीय महिला संघाचे कर्णधारपद भूषविले. २०१७ साली बंगळूरला आशिया चषकाच्या ब गटाच्या अंतिम सामन्यात भारतीय महिलांनी कझाकस्तानला ७५ विरुद्ध ७३ असे हरविले, त्या संघात त्या होत्या. खेळ परका आहे म्हणावे तर वायएमसीएच्या द्वारे तो या देशात येऊन शतक उलटून गेले. महिलांसाठी भारतातील पहिले विद्यापीठ धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली याच पुणे प्रांतात स्थापन केले. तेव्हा परंपरा आहे, खेळाडू आहेत, पटांगणेही शोधली तर सापडतात. सापडत नाही ती जागा, म्हणजे पगाराची, मुदतीचे भय नसलेली जागा. आमच्या महाविद्यालयांत शारीरिक शिक्षण संचालक या नावाची जी एक व्यक्ती असते, असलीच तर, तिच्याकडे कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सर्व खेळ, सर्व अर्ज, सर्व प्रमाणपत्रे आणि पंधरा ऑगस्टचे संचलन सोपविलेले असते. एका खेळातील बारा मुलींकडे चार वर्षे सलग पाहणे तिला मनात असूनही शक्य होत नाही. अमेरिकेतही ही जागा आपोआप निर्माण झाली नाही. १९७२ साली तेथे शिक्षणसंस्थांमध्ये लिंगभेदास बंदी करणारा कायदा झाला, आणि महिला संघांना पैसे, शिष्यवृत्त्या व प्रशिक्षक देणे विद्यापीठांना भाग पडू लागले; दरमहा २५० डॉलरांवर रुजू झालेल्या समिटबाई २००६ मध्ये वर्षाला दहा लाख डॉलरांहून अधिक वेतन घेणाऱ्या महिला बास्केटबॉलमधील पहिल्या प्रशिक्षक ठरल्या, यामागे त्यांच्या गुणांइतकाच त्या कायद्याचा हात आहे. व्यक्तीचा गौरव करताना हा हात विसरला जातो, म्हणून मी या पुस्तकात त्यासाठी एक स्वतंत्र प्रकरण राखले आहे.

शेवटची दोन प्रकरणे लिहिणे मला जड गेले. २०११ साली, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, समिटबाईंना अल्झायमरचा, म्हणजे स्मृती हिरावून नेणारा विकार असल्याचे निदान झाले, आणि ऑगस्टात त्यांनी ते स्वतः जाहीर केले. ३८ वर्षांचा प्रत्येक सामना ज्यांच्या मस्तकात नोंदलेला होता, त्यांच्याच दप्तराची पाने एकामागून एक कोरी होऊ लागली. तरीही त्यांनी एक हंगाम पुरा केला. त्या हंगामात बहुतेक भार होली वॉर्लिक यांनी उचलला; या वॉर्लिक पूर्वी समिटबाईंच्याच संघातून खेळलेल्या, नंतर १९८५ पासून त्यांच्या साहाय्यक, आणि एप्रिल २०१२ मध्ये समिटबाई पायउतार झाल्यावर त्यांच्या जागी नेमल्या गेलेल्या. गुरूची स्मृती सरत असताना तिची विद्या तिच्या शेजारीच उभी होती, कारण ती विद्या घेणाऱ्या व्यक्तीलाही विद्यापीठाने सव्वीस वर्षे तेथे राहू दिले होते. २८ जून २०१६ रोजी नॉक्सव्हिल येथे समिटबाईंचे निधन झाले, वय ६४.

भाषेविषयी दोन शब्द. रिबाउंड, ड्रिबल, फाउल हे शब्द मी तसेच ठेवले आहेत, कारण मैदानावरील मुली तेच बोलतात, आणि त्यांना घरच्या शब्दाप्रमाणे वापरतात. हेड कोच यासाठी मात्र मुख्य प्रशिक्षिका हा शब्द योजला आहे, तो नेमणुकीच्या कागदावर शोभावा या हेतूने. पुतणी हल्ली नोकरीनिमित्त पुण्यास असते. तिने या पुस्तकाचे हस्तलिखित वाचून खेळाविषयीच्या माझ्या अकरा चुका दुरुस्त केल्या. खळ्यावरचा खांब अजून उभा आहे; कडे गंजले होते ते गेल्या दिवाळीत तिनेच खरवडून रंगविले.

वाचकांना माझी एकच विनंती आहे. आपल्या घरातील अथवा गावातील खेळणारी मुलगी ज्या महाविद्यालयात जाणार असेल, तेथे वसतिगृह कसे आहे आणि शुल्क किती आहे हे आपण विचारताच. त्याच खिडकीवर, प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी, मुलींच्या संघाच्या प्रशिक्षकाची जागा कायम आहे की तासिका तत्त्वावर आहे, एवढी चौकशी अवश्य करावी, आणि उत्तर लेखी मागावे.

उत्रोली, तालुका भोर
अक्षय्य तृतीया, शके १९४७